जात्याचा एक फेरा: व्हिडिओच्या तुकड्यातून फिरती जीआयएफ कशी घडते

मामेबहिणीच्या लग्नात हळद घरीच दळली. माळ्यावरचं जातं खाली काढलं, धुतलं, खुंट्याला हळकुंड आणि आंब्याची पानं बांधली, आणि आजी नि मोठी मामी समोरासमोर बसल्या. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. मी दाराच्या चौकटीला टेकून फोनवर अर्धा मिनिट चित्रण केलं. पुढे घरच्या सगळ्यांना पाठवायला लग्नाच्या आठवणींचा एक मोठा ई-मेल लिहीत होते, तेव्हा वाटलं की या चित्रणातला जात्याचा फक्त एक फेरा घ्यावा आणि तो मजकुराच्या मधोमध, कुणी बटण न दाबता, अखंड फिरत राहावा.

काम सोपं वाटलं होतं. एका साधनात व्हिडिओ टाकला, जीआयएफ करायला सांगितलं, आणि तीन सेकंदांच्या तुकड्याची शंभर एमबीहून मोठी फाइल हाती आली. मूळ व्हिडिओचा तेवढाच तुकडा सहा एमबीचा होता. हळदीचा पिवळा मातकट झाला होता, मागच्या भिंतीवर पट्टे उमटले होते आणि दर तीन सेकंदांनी जातं गचकन उडी मारत होतं. तेच काम नीट करायला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी जी फाइल झाली ती पावणेदोन एमबीची, आणि रंग ओळखीचे. शंभर आणि पावणेदोन या दोन आकड्यांच्या मधे काय काय घडलं, तेच इथे सांगते आहे. ते एकदा कळलं की साधन कुठलं वापरायचं हा प्रश्न फारसा महत्त्वाचा राहत नाही.

जुनी पेटी

जीआयएफ हे चित्र साठवण्याचं एक स्वरूप आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९८७ साली तयार केलं. तेव्हा संगणक टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडले जात आणि एक चित्र उतरायला मिनिटं लागत. चित्र कमी जागेत मावावं आणि कुठल्याही बनावटीच्या संगणकावर उघडावं, एवढी गरज होती. त्यासाठी दोन काटकसरी केल्या गेल्या. एक, चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग. दोन, पिक्सेलांची, म्हणजे चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं बनतं त्यांची, माहिती एलझेडडब्ल्यू नावाच्या पद्धतीने दाबून भरायची. आजही या दोन्ही काटकसरी जशाच्या तशा आहेत. माझ्या पहिल्या फाइलमधला मातकट पिवळा पहिलीतून आला होता, आणि शंभर एमबी बऱ्याच अंशी दुसरीतून.

१९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चित्रानंतर किती वेळ थांबायचं ते लिहिण्याची आणि एक रंग पारदर्शक ठरवण्याची सोय झाली. तरी त्या आवृत्तीच्या दस्तऐवजातच स्पष्ट म्हटलं आहे की हे स्वरूप ॲनिमेशनसाठी योजलेलं नाही, मर्यादित प्रमाणात ते करता येतं इतकंच. पुन्हापुन्हा फिरण्याची सोय त्यात नव्हतीच. ती १९९५ साली नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या २.० आवृत्तीने आणली: फाइलमध्ये 'नेटस्केप २.०' अशी खूण आणि तिच्यापुढे किती वेळा फिरायचं तो आकडा. आकडा शून्य असेल तर थांबायचंच नाही. आज फोनवर बनवलेल्या फिरत्या जीआयएफच्या पोटातही ही खूण सापडते. तो ब्राउझर कधीच मागे पडला, त्याचं नाव मात्र या फाइलींमधून अजून फिरतं आहे.

उच्चाराबद्दल एक वाक्य. विल्हाइट स्वतः 'जिफ' म्हणत आणि २०१३ साली एका मोठ्या पुरस्काराच्या वेळी त्यांनी ते पुन्हा ठासून सांगितलं. मी अक्षरं सुटी उच्चारते, कारण आमच्या घरात तसंच म्हणतात.

फिरत्या चित्राची कल्पना मात्र संगणकाहून, सिनेमाहूनही जुनी. १८३२ साली बेल्जियमच्या जोसेफ प्लातो यांनी एक चकती बनवली. तिच्या कडेने एकाच हालचालीच्या क्रमवार अवस्था काढलेल्या आणि मधे फटी. चकती आरशासमोर फिरवून फटींतून पाहिलं की चित्रातला माणूस नाचू लागे. चकतीवर शेवटचं चित्र आणि पहिलं चित्र शेजारीशेजारी असतं, म्हणून नाच सुरू कुठे होतो नि संपतो कुठे हा प्रश्नच येत नाही. ही चकती मनात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

शंभर एमबी कुठून आले

माझा फोन १०८० बाय १९२० पिक्सेलचा उभा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम या वेगाने घेतो. फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र. अशा एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा मिळून तीन बाइट, म्हणजे एक फ्रेम सुमारे ६.२ एमबीची. तीन सेकंदांच्या ९० फ्रेम म्हणजे जवळपास ५६० एमबी. फोन एवढा ऐवज सहा एमबीत बसवतो, कारण व्हिडिओ दाबणाऱ्या पद्धतीला फ्रेमाफ्रेमांतलं नातं कळतं. एक फ्रेम पूर्ण लिहिली की पुढच्या बहुतेक फ्रेमसाठी ती फक्त फरक टिपते: हा ठोकळा चार पिक्सेल उजवीकडे सरकला, तो होता तिथेच आहे, या कोपऱ्यात उजेड जरा वाढला.

जीआयएफला सरकणं ठाऊक नाही. पिक्सेल बदलला की त्याचा रंग नव्याने लिहायचा, एवढंच तिला येतं. २५६ रंगांपैकी कुठला ते सांगायला एक बाइट पुरतो. तरी ९० फ्रेमचे, दाबण्याआधी, १८७ एमबी होतात. दाबल्यावर माझी फाइल शंभरीच्या वरच थांबली. साधनाने सांगितलेलं काम चोख केलं होतं. मी त्याला नको तेवढा ऐवज दिला होता.

म्हणून पहिली कात्री मापांवर चालवायची. ई-मेलमध्ये चित्र जेवढं दिसतं त्याला ४८० पिक्सेलची रुंदी पुरते. जातं, चार हात आणि आजीचा चेहरा एवढं एका चौकोनात मावत होतं, म्हणून उभ्या चित्रातला बाकीचा भाग कापला. सेकंदाला ३० ऐवजी १५ फ्रेम घेतल्या. तीन सेकंदांऐवजी एकच फेरा घेतला, १.४ सेकंदांचा. उरल्या ४८० बाय ४८० च्या २१ फ्रेम, म्हणजे दाबण्याआधी ४.८ एमबी. रंगांना हात लावण्यापूर्वीच ऐवज अडतीसपट कमी झाला. जीआयएफ लहान करण्याच्या युक्त्या शोधताना लोक थेट रंग कमी करायला जातात. खरी बचत लांबी, रुंदी आणि वेळेत आहे.

वेगाबद्दल एक बारीक गोष्ट इथेच सांगायला हवी. जीआयएफमध्ये थांबण्याचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत आणि पूर्णांकातच लिहिता येतो. सेकंदाला १५ फ्रेम हव्या असतील तर प्रत्येकीला ६.६७ भाग द्यावे लागतील, पण लिहिता येतात ६ किंवा ७. मी ७ लिहिले. त्यामुळे फेरा १.४ ऐवजी १.४७ सेकंदांचा झाला, आणि जात्याची एवढी संथ गती कुणाला कळत नाही. दर तिसरी फ्रेम घेतली असती तर बरोबर १० भाग बसले असते, मात्र हात जरा तुटक हलले असते. पंचवीस फ्रेमचा व्हिडिओ असेल तर ४ किंवा ८ भाग अचूक बसतात. आणि वेगाच्या मोहाने ० किंवा १ भाग लिहू नका. इतका कमी वेळ दिसला की ब्राउझर तो मानत नाहीत, त्याऐवजी १० भाग धरतात, आणि सर्वांत वेगवान व्हायची ती जीआयएफ रखडत चालते.

फेरा कुठे कापायचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, असं माझं ठाम मत आहे. रंग थोडा उतरला तर पाहणारा माफ करतो. फेऱ्याच्या शेवटी बसणारा हिसका दर दीड सेकंदाला पुन्हा बसतो आणि दहाव्या वेळी नजर तिथून हटते.

जात्याचा खुंटा दर फेऱ्याला त्याच जागी येतो, हे माझं भाग्य. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मी खुंटा आजीच्या सर्वांत जवळ आहे ती फ्रेम शोधली, मग पुढच्या फेऱ्यातली तशीच फ्रेम शोधली. पहिली धरून ती त्रेचाळिसावी निघाली. आता दोन्ही ठेवल्या तर तीच अवस्था लागोपाठ दोनदा दिसते आणि जातं क्षणभर अडकतं. शेवटची फ्रेम पहिलीची जुळी नको, पहिलीच्या लगेच अलीकडची हवी. प्लातोंच्या चकतीवर तेच चित्र शेजारीशेजारी दोनदा कुणी काढत नाही. त्रेचाळिसावी टाकली, ४२ राहिल्या, त्यांतली एकाआड एक घेतली: २१.

फेरा निवडतानाही पाहावं लागलं. दर चार-पाच फेऱ्यांनी मामी जात्याच्या तोंडात हळकुंडाचे तुकडे टाकत होती. तो फेरा घेतला असता तर ती जन्मभर तुकडेच टाकत बसली असती. एका फेऱ्यात भाच्याचा पाय चौकटीत येऊन गेला होता. तो पाय दर दीड सेकंदाला उगवला आणि मावळला असता. मधला, काहीही न घडणारा फेरा सर्वांत चांगला.

तरीही सगळं जुळत नाही. माणसाचा हात यंत्र नव्हे. मामीचा हिरवा चुडा दर फेऱ्याला वेगळ्या जागी घसरतो, पदर हलतो, कापडावरची पूड वाढत जाते. डोळा कशाच्या मागे जातो ते ओळखायचं आणि ते जुळवायचं. इथे डोळा खुंट्यामागे जातो. चुड्याचा बारीक झटका मी सोडून दिला. पुडीसाठी मात्र दुसरा उपाय केला: जातं आणि हात सोडून बाकी सगळं चित्र एकाच फ्रेमवर गोठवलं. भिंत, कापड, कडेला बसलेल्या बायका स्थिर, फक्त जातं फिरतं. या प्रकाराला सिनेमाग्राफ म्हणतात. जेमी बेक आणि केव्हिन बर्ग या अमेरिकी जोडीने २०११ साली हे नाव रूढ केलं. दिसायला ते विलक्षण असतंच, शिवाय फाइलही घटते. का, ते पुढे येईल.

ज्या हालचाली आपणहून परत फिरत नाहीत त्यांचं काय? झोपाळ्याचं सोपं आहे, एक जाणं-येणं म्हणजे एक फेरा. पोळी लाटण्यासारख्या हालचालीला तुकडा आधी सुलटा आणि मग उलटा चालवता येतो. इन्स्टाग्रामच्या बूमरँगने २०१५ पासून हीच युक्ती सर्वांच्या हातात दिली. यातही दोन्ही टोकांच्या फ्रेम दुहेरी होऊ द्यायच्या नाहीत. पण जिथे काही पडतं, सांडतं किंवा उडतं तिथे ही युक्ती वापरू नका. माझ्या चित्रणात हळद खालून वर चढून जात्यात शिरली असती. समईची ज्योत, पाऊस, समुद्राच्या लाटा यांना फेराच नसतो. तिथे शेवटच्या काही फ्रेम हळूहळू विरवत पहिल्या फ्रेममध्ये मिसळतात. लाटांवर हे सुरेख बसतं. हातांवर वापरलं तर क्षणभर एकाच माणसाला चार हात दिसतात.

दोनशे छप्पन्न जागा

फोनच्या फ्रेममधला प्रत्येक पिक्सेल १,६७,७७,२१६ शक्य रंगांपैकी कुठलाही असू शकतो. जीआयएफमध्ये प्रत्येक फ्रेमला २५६ रंगांचा एक तक्ता मिळतो. तक्त्यात कुठलाही रंग घ्या, फक्त जागा २५६. सगळा खेळ आहे तो या जागा कुणाला द्यायच्या याचा.

काही साधनं डोकं न चालवता एक सर्वसाधारण तक्ता वापरतात, ज्यात सर्व रंगांना सारखी जागा असते. माझ्या चित्रात निळा जवळजवळ नव्हता, पण कितीतरी जागा निळ्या-जांभळ्या छटांनी अडवून ठेवल्या होत्या. हळदीच्या पिवळ्याला उरल्या मोजक्या चार-दोन. ओली हळद, कोरडी पूड, उन्हातली पूड, सावलीतली पूड, सगळ्यांना तेच दोन-तीन पिवळे वाटून द्यावे लागले, म्हणून रंग मातकट.

चांगलं साधन आधी चित्र वाचतं, मग तक्ता बनवतं. पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली मांडलेली रीत समजायला सोपी आहे. चित्रातले सगळे रंग एका पेटीत आहेत असं समजा, सारखे रंग जवळजवळ. पेटीची सर्वांत लांब बाजू पाहायची आणि तिथे अशी कापायची की दोन्हीकडे सारखेच पिक्सेल येतील. मग त्या दोन पेट्या तशाच कापायच्या, मग चार, असं २५६ होईपर्यंत. प्रत्येक लहान पेटीतला सरासरी रंग तक्त्यात जातो. शेताची वाटणी क्षेत्रफळाने न करता पिकाने करावी तसं हे आहे. जिथे रंग दाट, तिथे वाटे जास्त.

यात एक खोच राहते. पिक्सेल मोजले की मोठी भिंत जिंकते. माझ्या चौकोनात अर्धीअधिक जागा भिंतीची होती, तिने आपल्या फिक्या छटांसाठी भरपूर जागा पटकावल्या. एफएफएमपेग या फुकट मिळणाऱ्या साधनात २०१५ पासून दोन टप्प्यांची सोय आहे: पहिल्यात तक्ता तयार होतो, दुसऱ्यात तो लावला जातो. पहिल्या टप्प्याला सांगता येतं की फक्त हलणारे पिक्सेल मोज. तसं सांगितलं आणि हळद परत आली. त्या फ्रेमकडे पाहून मला झालेला आनंद अजून आठवतो. दगडाच्या कडेला साचलेली पूड, तिच्यावर आजीच्या बोटांचा ठसा, दोन वेगळे पिवळे.

आता भिंतीवरचे पट्टे. खिडकीतला उजेड भिंतीवर हळूहळू मावळत जातो. तक्त्यात त्या उताराच्या आठच पायऱ्या असतील तर आठ पट्टे दिसणारच. यावरचा उपाय वर्तमानपत्रं पिढ्यान्‌पिढ्या वापरत आली आहेत. छापील फोटो भिंगाखाली धरा, करडा रंग नसतोच, काळे ठिपके असतात. दोन रंगांचे ठिपके मिसळून पेरले की लांबून तिसरा दिसतो. रांगोळीत लाल आणि पांढरी पूड चिमटीने मिसळून टाकतो, तसंच. याला डिदरिंग म्हणतात.

ठिपके पेरण्याच्या दोन मुख्य रीती आहेत आणि त्यांतला फरक फिरत्या चित्रासाठी फार मोलाचा आहे. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ ची रीत उधारीवर चालते. एका पिक्सेलला हवा होता तो रंग तक्त्यात नाही, जवळचा दिला, काही बाकी राहिली. ती बाकी शेजाऱ्यांवर टाकायची: सोळा भागांतले सात उजवीकडच्याला, पाच खालच्याला, तीन खाली-डावीकडच्याला, एक खाली-उजवीकडच्याला. कंडक्टरने सुटे नाहीत म्हणून पुढच्या प्रवाशाकडून वळते करून घ्यावेत, तसा हिशेब पुढे सरकत राहतो आणि एकूण रंग बरोबर जमतो. स्थिर चित्रासाठी ही रीत उत्तम. पण फिरत्या चित्रात वरच्या कोपऱ्यातला एक पिक्सेल बदलला की खालची सगळी उधारी बदलते, ठिपके जागा बदलतात आणि स्थिर भिंतीवर मुंग्या चालल्यासारखं दिसतं. दुसरी रीत बायर यांची, १९७३ ची. तिच्यात ठिपक्यांचा साचा आधीच ठरलेला असतो, विणकामाच्या टाक्यांसारखा. जवळून पाहिलं तर जाळी दिसते, मात्र ती जागची हलत नाही. मी बायर निवडली. भिंतीवर हलकी जाळी आहे, पट्टे गेले, मुंग्या नाहीत.

॥धृ॥ ची किमया

आरतीचं पुस्तक उघडा. धृपद एकदा पूर्ण छापलेलं असतं, पुढे प्रत्येक कडव्यानंतर नुसतं ॥धृ॥. वाचणाऱ्याला कळतं काय म्हणायचं ते, आणि कागद वाचतो. एलझेडडब्ल्यू हेच करते. चित्र डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ वाचत जाते, आणि रंगांची एखादी मालिका भेटली की तिला क्रमांक देऊन आपल्या कोशात टिपते. तीच मालिका पुन्हा आली की फक्त क्रमांक लिहिते. कोश आधी कुणी द्यावा लागत नाही, वाचता वाचता वाढतो, कमाल ४०९६ नोंदींपर्यंत. उघडणारा संगणक तोच कोश त्याच क्रमाने पुन्हा उभा करतो. लेंपेल आणि झिव्ह यांच्या कल्पनेवर टेरी वेल्च यांनी १९८४ साली ही पद्धत बेतली. तिच्यावर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं, १९९४ च्या अखेरीस त्यापोटी पैसे मागितले जाणार असं जाहीर झालं, आणि त्या अस्वस्थतेतून पीएनजी हे मोकळं स्वरूप जन्मलं. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ साली संपलं.

या एका रीतीतून बरंच काही उलगडतं. एकसारखा रंग, पुन्हा येणारा साचा यांना ॥धृ॥ मिळतो, म्हणून ते स्वस्त. बायरची जाळी पुन्हापुन्हा तीच येते, तीही बऱ्यापैकी स्वस्त. संध्याकाळच्या अंधुक उजेडात फोनने घेतलेल्या चित्रात जो रवाळपणा येतो त्यात कुठलीच मालिका पुन्हा येत नाही, म्हणून तो सर्वांत महाग. भरपूर उजेडात घेतलेल्या चित्रणाची जीआयएफ लहान होते, त्याचं कारण हे.

आणि न बदललेल्या पिक्सेलचं काय? इथे १९८९ ची पारदर्शकता कामी येते. नवी फ्रेम जुनीच्या वर ठेवता येते. जो भाग बदलला नाही तिथे पारदर्शक रंग लिहायचा, खालचं चित्र दिसत राहतं. पारदर्शकाची लांबच लांब मालिका म्हणजे नुसता ॥धृ॥ ॥धृ॥. शिवाय बदल जेवढ्या चौकोनात आहे तेवढाच चौकोन साठवता येतो. भिंत गोठवली तेव्हा फाइल एकदम घटली ती यामुळे. आणि फोन हातात थरथरत असेल तर भिंतीचा पिक्सेल न् पिक्सेल दर फ्रेमला बदलतो, सगळी बचत संपते. मी चौकटीला टेकले होते, तरी थोडी थरथर होती, ती आधी काढावी लागली. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला असता तर एक संध्याकाळ वाचली असती.

कामाचा क्रम

आधी वेळ कापा, मग चौकट, मग मोजमाप लहान करा, मग फ्रेम विरळ करा, आणि सगळ्यात शेवटी रंग. क्रम उलटला तर फळ मिळत नाही, कारण चित्र लहान करताना शेजारच्या पिक्सेलांच्या मिसळणीतून नव्या छटा जन्मतात. तक्ता आधीच ठरला असेल तर त्या छटांना त्यात जागा नसते. म्हणूनच तयार जीआयएफ लहान-मोठी करत बसू नये. दर वेळी मूळ व्हिडिओकडे परत जावं, तो जपून ठेवावा.

साधनं पुष्कळ आहेत. एफएफएमपेग आज्ञा लिहून चालतं आणि सर्वांत जास्त ताबा देतं. गिफस्की प्रत्येक फ्रेमचे रंग बारकाईने निवडतं, त्याचं काम देखणं असतं, फाइल जरा भारी. गिफसिकल तयार फाइल पिळून आणखी लहान करतं. फोटोशॉप आणि गिंप यांत प्रत्येक फ्रेम थराप्रमाणे हाताळता येते. ब्राउझरमध्ये चालणारी साधनं सोयीची आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांत तुमचा व्हिडिओ दुसऱ्याच्या संगणकावर जातो. घरातल्या माणसांचे, विशेषतः मुलांचे चेहरे असतील तर काम आपल्याच संगणकावर करावं, असं मला मनापासून वाटतं.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर यातलं काही करू नका. तिथे छोटा व्हिडिओ निवडला की जीआयएफचा पर्याय दिसतो, पण पाठवला जातो तो आवाज काढून टाकलेला, फिरता ठेवलेला व्हिडिओच. ट्विटरनेही २०१४ पासून हेच केलं, तुम्ही खरी जीआयएफ चढवली तरी ती आत व्हिडिओ होते. हलणारे स्टिकर वेबपी स्वरूपात असतात, ५१२ बाय ५१२ पिक्सेल आणि ५०० केबीच्या आत. स्वतःच्या संकेतस्थळावर टाकायचं असेल तर मूक, आपोआप चालणारा, फिरता व्हिडिओ किंवा हलती वेबपी बरी. रंग पूर्ण, वजन कमी. खरी जीआयएफ लागते ती ई-मेलसारख्या जागी, जिथे व्हिडिओ आपोआप चालत नाही आणि चित्र मात्र उघडतं.

ई-मेलमध्येही एक अडचण आहे. आउटलुकच्या काही जुन्या आवृत्त्या जीआयएफची फक्त पहिली फ्रेम दाखवतात. माझ्या एका काकांकडे तशीच आहे. पण फेरा नीट जुळला असेल तर सुरुवात कुठूनही करता येते, चकतीवर पहिलं चित्र नसतंच. मी एकवीस फ्रेममधली अशी निवडली जिथे आजीने मान वर केली आहे, आणि तिला पहिला क्रमांक दिला. काकांकडे जातं फिरलं नाही, पण फोटो चांगला आला.

अखंड हलणारं चित्र काही जणांना वाचू देत नाही, याचाही विचार करावा. वेबवरच्या सुगमतेचे नियम सांगतात की पाच सेकंदांहून जास्त वेळ आपोआप हलणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे, आणि सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काही नको. लखलखाटाने अपस्माराचा झटका येऊ शकतो. लग्नाच्या डीजेसमोरच्या दिव्यांची जीआयएफ करू नका. जात्याबाबत प्रश्न आला तो फक्त थांबवण्याचा. म्हणून मधोमध ठेवायचा बेत सोडला. एका मेलमध्ये एकच हलतं चित्र ठेवलं, आणि ते शेवटी, मजकूर वाचून झाल्यावर दिसेल असं.

एक गोष्ट कुठल्याच कात्रीने जमली नाही. जीआयएफमध्ये आवाजाला जागा नाही, १९८७ पासून आजपर्यंत नाही. जातं फिरत होतं ते आजीच्या ओवीवर, आणि ती गेली. जात्यावरच्या ओव्या हा काही शेजारचा आवाज नव्हे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या याच दगडाभोवती बसून गायलेल्या. म्हणून आजीचा आवाज मी मूळ चित्रणातून वेगळा कापला आणि मेलमध्ये फिरत्या चित्राच्या खाली ठेवला. ओवी एकवीस सेकंदांची आहे. तेवढ्यात वरचं जातं चौदा फेरे घेतं.